घास सुखरूप उतरावा म्हणून
वाचा-उपचारतज्ज्ञांच्या निरंतर शिक्षणाविषयी थोडेसे

मनुष्य ज्या मुखाने बोलतो त्याच मुखाने जेवतो. ही गोष्ट इतकी रोजची आहे की तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. स्पीच थेरपिस्ट म्हणजे तोतरे बोलणाऱ्या किंवा उशिरा बोलू लागलेल्या मुलांना शिकवणारे तज्ज्ञ, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. अर्धांगवायूचा झटका आलेल्या रुग्णाच्या खाटेशी उभे राहून, त्याच्या गळ्यावर हलकेच बोटे टेकवून, त्यास चमचाभर पाणी देऊन पाहणारे तज्ज्ञही तेच असतात. रुग्णाने आज तोंडाने जेवावे की नाही, जेवावे तर काय, किती पातळ व कोणत्या बैठकीत, याचा सल्ला देणे हे त्यांच्या कामाचा फार मोठा भाग झाले आहे. हे काम काय आहे, त्यासाठी पदवी मिळाल्यानंतरही शिकत का राहावे लागते, आणि त्यात आपल्यासारख्या सामान्य कुटुंबांचा व सेवाभावी ट्रस्टचा काय संबंध, हे सभासद बंधुभगिनींपुढे मांडण्याचा या लेखाचा हेतू आहे.

गिळणे म्हणजे काय

घशात दोन वाटा आहेत. पुढची श्वासनलिका, ती फुप्फुसांकडे जाते. मागची अन्ननलिका, ती जठराकडे जाते. या दोन वाटा जेथे फुटतात त्या नाक्यावरून हवा व अन्न या दोहोंची ये-जा चालते. आपण घास चावतो, जीभ त्याचा गोळा करून मागे लोटते, आणि मग एका क्षणात पुष्कळ गोष्टी एकामागून एक घडतात. टाळूचा मऊ भाग वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते, श्वास थांबतो, स्वरयंत्र वर व पुढे सरकते, त्यावरील झाकण खाली पडते, स्वरतंतू मिटतात, आणि अन्ननलिकेचे तोंड उघडून घास आत जातो. कंठावर बोट ठेवून आवंढा गिळून पाहावा म्हणजे कंठमणी वर जाऊन खाली आलेला स्पष्ट कळतो. घशातील हा सारा खेळ साधारण एका सेकंदात आटोपतो. त्यासाठी तीसहून अधिक स्नायू आणि मेंदूतून निघणाऱ्या पाच जोड मज्जातंतूंनी एका तालात काम करावे लागते. दिवसाकाठी आपण शेकडो वेळा गिळतो, झोपेतही गिळतो, आणि त्याची आपल्याला दादही नसते.

हा ताल चुकला म्हणजे अन्नाचा किंवा पाण्याचा अंश श्वासनलिकेत उतरतो. प्रकृती चांगली असेल तर ठसका लागतो व तो अंश बाहेर फेकला जातो. ठसका हा आपला पहारेकरी होय. परंतु काही रुग्णांच्या घशाची संवेदनाच मंदावलेली असते. अन्न श्वासनलिकेत जाते, तरी ठसका लागत नाही, चेहऱ्यावर त्रास दिसत नाही. घरची माणसे म्हणतात, “छान जेवले हो आज.” आणि चार दिवसांनी ताप चढतो, छातीत कफ दाटतो व डॉक्टर न्यूमोनिया झाल्याचे सांगतात. हा मुका धोका ओळखता येणे हेच या विषयातील सर्वांत कठीण काम आहे.

हा विकार कोणास होतो

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर पहिल्या काही दिवसांत सुमारे निम्म्या रुग्णांना गिळण्याचा कमीअधिक त्रास होतो. कंपवात, स्मृतिभ्रंश, डोक्यास झालेली मोठी इजा, दीर्घकाळ कृत्रिम श्वासयंत्रावर राहणे, ही दुसरी कारणे आहेत. मुखाच्या व घशाच्या कर्करोगाचे कारण तर आपल्या भागात विशेष ध्यानात ठेवावे लागेल. मावा, गुटखा, तंबाखूची चिमूट यांनी लिंबायतपासून उधन्यापर्यंत किती घरे पोखरली आहेत हे सुरतेत राहणाऱ्यास सांगावयास नको. जिभेचा भाग कापून काढावा लागला तर घास मागे लोटणारे साधनच तोकडे पडते. किरणोपचाराने घशाचे स्नायू कडक होतात, आणि हा त्रास कधी कधी उपचार संपल्यानंतर काही वर्षांनीही वाढतो.

बालकांची बाजू वेगळी आहे. चोखणे, गिळणे व श्वास घेणे या तिन्हींचा मेळ गर्भावस्थेच्या साधारण बत्तीस ते चौतीस आठवड्यांच्या सुमारास जमू लागतो. म्हणून त्याआधी जन्मलेल्या बाळास अंगावर पिणे कठीण जाते. टाळू दुभंगलेल्या बाळाचे दूध नाकावाटे येते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाची मान, जबडा व जीभ त्याच्या ताब्यात नसतात. शिक्षकाच्या नात्याने मला एक गोष्ट सांगावीशी वाटते. मधल्या सुट्टीत डबा न उघडणारे किंवा दोन घासांत डबा मिटणारे प्रत्येक मूल हट्टी नसते. काहींना खाणे हेच मोठे कष्टाचे काम असते. ज्या मुलाचे जेवण रोज अर्ध्या तासाहून अधिक लांबते, त्याला रागे भरण्यापूर्वी तज्ज्ञांना दाखवावे.

बोलण्याच्या तज्ज्ञांकडे हे काम कसे आले

जीभ, ओठ, टाळू व स्वरयंत्र यांचा अभ्यास वाचा-उपचारतज्ज्ञांनी आधीच केलेला होता. म्हणून हे काम ओघानेच त्यांच्याकडे आले. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या जेरिलिन लोगमन यांनी बेरियम मिसळलेले अन्न रुग्णास देऊन क्ष-किरणांच्या चलत्चित्रात गिळण्याची क्रिया पाहण्याची पद्धत शिस्तीत बसवली. त्यांचा गिळण्याच्या विकारांवरील ग्रंथ १९८३ साली निघाला. १९८८ साली सुझन लँगमोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी नाकातून बारीक लवचीक दुर्बीण घालून घसा पाहण्याची रीत प्रसिद्ध केली. तिच्यासाठी क्ष-किरणांची खोली लागत नाही. रुग्णाच्या खाटेजवळच तपासणी होते.

आपल्या देशात वाचा व श्रवण या विषयाचे पदवी शिक्षण १९६६ साली मुंबईच्या नायर रुग्णालयात सुरू झाले आणि त्याच सुमारास म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था उभी राहिली. १९८३ साली मुंबईत वांद्रे येथे केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव तिला देण्यात आले आहे. सुरतेहून मुंबईला जाणाऱ्या रुग्णांना परळचे टाटा स्मारक रुग्णालय ठाऊकच आहे. १९४१ पासून ते कर्करोगाच्या रुग्णांची सेवा करीत आले आहे.

या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट उघड होते. आपल्याकडील पदवी शिक्षण सुरू झाले त्यानंतर सतरा वर्षांनी लोगमन यांचा ग्रंथ निघाला. पहिल्या पिढीच्या तज्ज्ञांनी हा विषय नोकरीत लागल्यानंतरच शिकून घेतला. आज पदवीच्या अभ्यासक्रमात तो आहे, पण तो अनेक विषयांपैकी एक आहे. श्रवणदोष, तोतरेपणा, आवाजाचे दोष, मुलांची भाषा, हे सर्व त्याच चार वर्षांत शिकावयाचे असते. रुग्णाच्या जिवाशी ज्याची गाठ आहे असे कौशल्य एवढ्याने पक्के होत नाही.

एकदा शिकून का भागत नाही

याची तीन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण घट्ट पाण्याचे. पाणी पातळ असते, घशातून झरकन उतरते व चुकीच्या वाटेला जाते. म्हणून ते घट्ट करून पाजावे, असा सल्ला वर्षानुवर्षे दिला जात आहे. काही रुग्णांना त्याचा उपयोग होतो. परंतु २००८ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात स्मृतिभ्रंश किंवा कंपवाताचे ५१५ रुग्ण होते. काहींना हनुवटी खाली करून साधे पाणी दिले, काहींना घट्ट केलेले. तीन महिन्यांत न्यूमोनियाच्या प्रमाणात निर्णायक फरक आढळला नाही; उलट घट्ट पेये घेणाऱ्यांत शरीरातील पाणी कमी पडण्याच्या व मूत्रमार्गाच्या संसर्गाच्या तक्रारी अधिक दिसल्या. म्हणजे सर्वांना सरसकट घट्ट पाणी देणे योग्य नव्हे. ज्या तज्ज्ञाने केवळ पदवीच्या वेळची वही जपून ठेवली आहे, त्याला हे कळणार नाही. शिवाय घरी कॉर्नफ्लोअर शिजवून घट्ट केलेला पदार्थ तोंडात लाळ मिसळताच पुन्हा पातळ होऊ लागतो, कारण लाळेतील पाचक रस पिष्ठाचे विघटन करतो. हीदेखील शिकण्याचीच बाब आहे.

दुसरे उदाहरण दातांचे. १९९८ साली लँगमोर यांच्याच गटाने वृद्ध रुग्णांचा अभ्यास करून असे दाखवले की न्यूमोनिया कोणास होईल हे केवळ गिळण्याच्या दोषावरून ठरत नाही. ज्यास दुसऱ्याच्या हाताने भरवावे लागते, ज्याचे तोंड दुसऱ्याने स्वच्छ करावे लागते, ज्याचे दात किडलेले आहेत, त्यास धोका अधिक. याचा अर्थ सोपा आहे. घाण तोंडातील लाळ फुप्फुसात गेली तर ती जंतू घेऊन जाते. नाकात नळी घातलेला रुग्ण सुरक्षित झाला असे घरचे लोक समजतात. पण नळी असली तरी लाळ घशात उतरतच असते. तेव्हा रोज दोनदा तोंड स्वच्छ करणे हाही औषधाइतकाच उपचार होय.

तिसरे उदाहरण मापाचे. पूर्वी एक जण “मधासारखे घट्ट” म्हणे, दुसरा “लापशीसारखे”, आणि प्रत्येकाचा मध वेगळा असे. २०१३ साली निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनी एकत्र येऊन ‘इड्सी’ या नावाने ओळखला जाणारा उपक्रम सुरू केला आणि शून्यापासून सातपर्यंत आठ पायऱ्या ठरवल्या. पातळ पदार्थाचे माप घेण्यास औषधाच्या दुकानात मिळणारी दहा मिलिलिटरची सिरिंज पुरते. तिच्यात पेय भरावे, खालचे तोंड दहा सेकंद मोकळे सोडावे व किती उरले ते पाहावे. एक मिलिलिटरहून कमी उरले तर ते पातळ. चार ते आठ उरले तर दुसऱ्या पायरीचे, म्हणजे सौम्य घट्ट. बारीक केलेल्या अन्नाचे कण मोठ्या माणसासाठी चार मिलिमीटरचे असावेत, लहान मुलासाठी दोन. काटाचमचा नसेल तेथे बोटांनी दाबून मऊपणा पाहण्याची सोयही त्यात आहे. आपल्याकडे ही सोय फार मोलाची.

हे माप आपल्या ताटास लावणे मात्र परदेशी पुस्तकातून येणार नाही. वरणभातात पातळ व घन एकत्र असतात, आणि असे मिश्रण पुष्कळ रुग्णांना साध्या पाण्याहूनही अवघड जाते. चहात बुडवलेली खारी किंवा टोस्ट आपल्याला मऊ वाटतो, पण त्यातही चहा वेगळा व गोळा वेगळा. ज्वारीची भाकरी कोरडी भुगा होते, साबुदाणा चिकटतो. उलट चांगली घोटलेली खिचडी, फिरनी, बारीक घोटलेला खिचडा हे पदार्थ एकजीव असल्याने पुष्कळदा सोपे जातात. सुरतेत काम करणाऱ्या तज्ज्ञाला हे गुजराती, मराठी, अहिराणी, हिंदी व उर्दू बोलणाऱ्या घरांत जाऊन समजून घ्यावे लागते.

येथे “वर बघ, वर बघ” या आपल्या जुन्या सवयीविषयी दोन शब्द. ठसका लागला की आपण मुलाचे तोंड वर करतो. मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट अधिक उघडी पडते. म्हणून पुष्कळ रुग्णांना नेमके उलट, हनुवटी किंचित खाली करून गिळण्यास सांगतात. परंतु ज्यांच्या जिभेवर शस्त्रक्रिया झाली आहे व श्वासनलिकेचे रक्षण उत्तम आहे, अशा काहींना मान मागे केल्यानेच घास उतरवता येतो. एकच उपाय एकाला तारक व दुसऱ्याला मारक. म्हणून तपासणीवाचून सल्ला देऊ नये, आणि शेजाऱ्याचा सल्ला आपल्या रुग्णास लावू नये.

निरंतर शिक्षण कसे असावे

१९९२ साली संसदेने भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा केला. वाचा-उपचारतज्ज्ञास या परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव नोंदवावे लागते. ही नोंदणी मुदतीची असते, आणि ती पुढे चालू ठेवण्यासाठी परिषदेने मान्य केलेल्या शिक्षणवर्गांना हजर राहून ठराविक गुण मिळवावे लागतात. अमेरिकेतील या व्यवसायाच्या संघटनेने आपल्या प्रमाणित तज्ज्ञांसाठी दर तीन वर्षांस तीस तासांच्या शिक्षणाचा नियम ठेवला आहे.

नियम चांगला आहे. पण आम्ही शिक्षक सेवांतर्गत प्रशिक्षणास पुष्कळ वेळा जातो, आणि हजेरीपटावर सही करणे व शिकणे या दोन गोष्टी एक नव्हेत हे आम्हास पक्के ठाऊक आहे. कोविडच्या साथीनंतर घरबसल्या ऐकावयाची व्याख्याने फार वाढली. त्यांनी लहान गावातील तज्ज्ञाचा प्रवासखर्च वाचला, हा मोठा लाभ. परंतु अध्यापनशास्त्राची पुस्तके वाचून कोणी शिक्षक होत नाही. त्यास सराव पाठ द्यावे लागतात, मागच्या बाकावर बसलेल्या अनुभवी मार्गदर्शकाने चुका दाखवाव्या लागतात. गिळण्याच्या उपचाराचे तसेच आहे. चांगल्या वर्गात चार गोष्टी असाव्यात. पहिली, नव्या संशोधनाची ओळख. दुसरी, क्ष-किरणांची व दुर्बिणीची पुष्कळ चित्रे पाहून दोष ओळखण्याचा सराव. तिसरी, अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णावर काम. चौथी, परत गेल्यावर काही महिन्यांनी आपल्या रुग्णांचा वृत्तांत मांडून त्यावर चर्चा. पहिली गोष्ट दूरस्थ वर्गात उत्तम होते व दुसरीही बरीच साधते. तिसरीला पर्याय नाही. चौथी गोष्ट बहुधा राहूनच जाते, आणि खरे शिक्षण तेथेच पुरे होते.

घरच्या माणसांनी काय ध्यानात ठेवावे

जेवताना वारंवार ठसका, खाल्ल्यानंतर आवाज ओला किंवा घोगरा होणे, घास गालात साठून राहणे, अन्न नाकावाटे येणे, जेवणास फार वेळ लागणे, वजन घटणे, पुन्हा पुन्हा ताप येणे, ही लक्षणे दिसली की डॉक्टरांना सांगून वाचा-उपचारतज्ज्ञांची तपासणी मागावी. झटका आलेल्या माणसाच्या तोंडात मायेने चमचाभर पाणी घालण्याची घाई करू नये. तो धड गिळू शकतो की नाही हे तपासल्यावाचून काहीच देऊ नये. पेंगुळलेल्या माणसास भरवू नये. रुग्णास शक्य तितके ताठ बसवून, लहान घास द्यावा, पहिला गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा द्यावा, आणि जेवणानंतर साधारण अर्धा तास आडवे करू नये. अडकलेला घास पाण्याच्या घोटाने खाली ढकलू नये. तान्ह्या बाळास आडवे निजवून बोंडल्याने बळजबरी पाजणे ही जुनी चाल सोडावी. तज्ज्ञांना त्यांचा पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच धरू नये. या विषयाचा विशेष अभ्यास केला आहे काय, हेही नम्रपणे विचारावे. चांगले तज्ज्ञ अशा प्रश्नाने रागावत नाहीत.

ट्रस्टने काय करावे

आपल्या समाजातील ट्रस्ट विद्यार्थ्यास पुस्तके देतात, रुग्णास औषधे देतात. ही परंपरा मोठी आहे, तिच्यात एक लहानशी भर घालता येईल. सुरतेत गोरगरिबांची सेवा करणाऱ्या एखाद्या नोंदणीकृत वाचा-उपचारतज्ज्ञास गिळण्याच्या विकारांच्या प्रत्यक्ष कामाच्या वर्गासाठी मुंबईस किंवा म्हैसूरला पाठवावे व प्रवास, शुल्क आणि बुडालेल्या दिवसांचे वेतन यांचा भार ट्रस्टने उचलावा. अट एवढीच घालावी की परत आल्यावर त्यांनी वर्षातून दोनदा आपल्या वस्तीत एक दिवसाचा वर्ग घ्यावा. त्यास रुग्णांच्या घरची माणसे, परिचारिका, अंगणवाडीच्या सेविका व शिक्षक यांना बोलवावे. तज्ज्ञांकडून तपासून घेतलेला, मोठ्या अक्षरांतील, मराठी, उर्दू व गुजराती असा तीन भाषांतील एक तक्ता छापून घरोघर द्यावा. खर्च एका मोठ्या शस्त्रक्रियेच्या मदतीहून कमीच येईल, आणि त्याचा लाभ एका रुग्णावर थांबणार नाही.

औषधाची बाटली एका रुग्णास पुरते व संपते. एका माणसास दिलेले शिक्षण मात्र त्याच्या हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक रुग्णापर्यंत पोहोचते. भुकेल्यास घास देणे हे पुण्य आपण सारे जाणतो. तो घास त्याच्या गळ्यातून सुखरूप उतरावा, एवढी काळजीही आपण आता घेऊ लागावी, ही सभासद बंधुभगिनींना नम्र विनंती.